सूर्य गेल्यावरची आठ मिनिटं

तरीपण दोरीचं माझंच खरं होतं, गुरुजी. इकडून ओढली की तिकडचा खुंटा त्याच घडीला हलतो, हे मी मेंढरामागं फिरून शिकलो होतो. पिशोरच्या शाळेत तुम्ही म्हणालात, सूर्य आत्ता नाहीसा झाला तरी आठ मिनिटं ऊन पडत राहील. ते मानलं. उजेडाला लांबून चालत यावं लागतं, ठीक. पण तुम्ही पुढं म्हणालात, पृथ्वीसुद्धा तेवढी आठ मिनिटं त्या रिकाम्या जागेभोवती फिरत राहील, कारण सूर्याची ओढही उजेडाहून जोरात पळत नाय. मी उठून म्हणालो, "गुरुजी, दोरी तुटल्यावर बैल गोल फिरंल का?" पोरं हसली. तुम्ही विचारलं, "तुझ्या कळपातली पुढची मेंढी थांबली, तर शेवटचीला कधी कळतं?" म्हटलं, "म्होरचीवर आदळल्यावर." "मग बस खाली, शहाण्या. दोरीतही तसंच असतं, तुझ्या डोळ्याला दिसत नाय एवढंच." सगळ्या वर्गादेखत शहाण्या. लई लागलं होतं मला.

त्याच महिन्यात विद्यापीठाच्या नावावरून गावोगाव पेटलं. तुम्ही नामांतराच्या बाजूचे, घर बौद्ध वस्तीत. आमच्या लोकांना तेवढं पुरलं. एका सकाळी माझा बा मेंढ्या सोडताना शेजाऱ्याला सांगत होता, "दुपारी मास्तरचं घर मोकळं करायचं." ते ऐकून मी शाळेत आलो. तुम्ही फळ्यावर भागाकार मांडताय, हाताला खडू, नेहमीसारखे. मी खिडकीपाशी बसून बघतोय. दुपारी कौलं फुटली, पुस्तकं अंगणात जळाली. तुम्ही आणि काकू एक ट्रंक घेऊन एस.टी.ची वाट बघत उभे होता. मी लांबूनच पाहिलं. पुन्हा शाळेत गेलो नाय. पुढं शहरात कारखाने आले, सातवी पास मागायचे. माझी सातवी तुमच्याबरोबरच गेली. म्हणून इथं गुजरातेत कापड रंगवतोय, नखं निळी करून. त्याचा राग तुमच्यावरच काढायचो. का गेलात? कोर्टात का नाय गेलात? रोज मनातल्या मनात भांडायचो. मग एका सुट्टीत गावाकडं आलो, तर शहरातल्या क्रांती चौकात वर्गातला एकजण भेटला. म्हणाला, "तुला ठाऊक नाय व्हय? गुरुजी वारून सात महिने झाले." सात महिने मी रिकाम्या जागेभोवती फिरत होतो, आणि मला ऊन लागत होतं.

म्हणजे बरोबर तुमचंच निघालं. त्याला आता पाच वर्षं झाली, कबूल करायला एवढा वेळ लागला. आणि ती सकाळ. माझ्या बाकापासून तुमच्या टेबलापर्यंत चार पावलं होती, गुरुजी. तुम्ही शहाण्या म्हणाला होतात ना, म्हणून बसून राहिलो. काकू शहरात शहागंजच्या मागं राहतात, एवढंच कळलंय. मनिऑर्डरच्या कुपनावर हे सगळं मावत नाय, आणि मावलं असतं तरी लिहिलं नसतं. नुसता आकडा टाकलाय: दीडशे रुपये.