इंगळीची बरणी

वैशाख, १९७२. रविवार, संध्याकाळ

इंगळीला आज पुन्हा झुरळ टाकलं. लाल विंचवाची जात, डंख बसला तर माणूस जातो. लोणच्याच्या बरणीत वाळू, वर पत्र्याचं झाकण. झाकणाला खिळ्याने भोकं ह्यांनी पाडली. शाळेतल्या मुलांना दाखवायला तिला धरलंही ह्यांनीच. मग मास्तरांच्या प्रशिक्षणाला पुण्याला गेले, आणि विष माझ्या गळ्यात.

सासूबाई आज चिडल्याच. "ठेच की ती चपलेनं! घरात कुनी इख पाळतं व्हय?"

"ह्यांनी सांभाळायला सांगितलंय," मी एवढंच म्हणाले.

निघताना हे तेवढंच बोलले होते, "मी येईपर्यंत हिला जप." हिला. मला काहीच नाही. मला काय ऐकायचं होतं? तेही धड सांगता येत नाही. पण तिला मारलं, तर ह्यांचा शेवटचा शब्दही गेला.

सासूबाई देवळात गेल्यावर बरणी पुढ्यात ओढली. झाकणाच्या भोकांपाशी तोंड नेलं आणि ह्यांचं नाव घेतलं. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर आजच.

इंगळीने नांगी उचलली.

मी पुन्हा नाव घेतलं.