दगडाखालचे पान

मी शिगे, तोराकिची कुदो यांची पत्नी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा डोंगरी ओढ्यात गळाच्या काठीने मासे धरणे, राहणार कामागासावा खोरे, वरून दुसरे घर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, कान थोडे गेले आहेत, आणि कोणी माझ्यावर दडपण आणलेले नाही, आणून पाहावे. देवळातले पुरोहित सोएन म्हणाले, "पत्नी नको, विधवा लिहा. कायद्याला तसंच लागतं." मी लिहिलेले नाही. कारण कलम चारमध्ये येईल.

कलम एक. राहते घर, आगटीवरची लोखंडी किटली आणि मिसो आंबवायचे मोठे पिंप माझी मुलगी हात्सु हिला. छपराची उत्तर बाजू शाकारायला झाली आहे. नुसते घर घेऊन बसू नये. मुळ्याच्या लोणच्याची बरणी मात्र शेजारच्या ओतोयोला द्यावी. माझे लोणचे खारट असते असे तिने जन्मभर सांगितले आणि दर हिवाळ्यात वाडगा घेऊन दारात उभी राहिली. आता स्वतः घालून बघ म्हणावे.

कलम दोन. गरम झऱ्यावरच्या सराईच्या मालकांना काही नाही. बाईने धरलेला मासा म्हणून त्यांनी नाक मुरडले आणि तोच मासा पाहुण्यांना डोंगरची खास चीज म्हणून वाढला. डोंगरदेवीला बाईमाणूस ओढ्यात चालत नाही, असेही तेच सांगत फिरत. पदरात एवढीशी पोर होती तेव्हा देवी काही भात घेऊन आली नाही. मी काठी उचलली, आणि देवीने कधी माझा पाय घसरू दिला नाही.

कलम तीन. यजमानांची दुसरी काठी, जी मी आजवर वापरली, ती माझ्यानंतर जावई मासाजी याला. (पहिली काठी त्यांच्याजवळ आहे.) बांबू त्यांनी स्वतः आगीवर फिरवून सरळ केला आहे, भिंतीला टेकवून ठेवू नये, आडवी टांगावी. दोरा पांढऱ्या घोड्याच्या शेपटीचा वळावा, घोडीचा केस तिच्याच मुताने भिजून कच्चा होतो. गळावर कोंबड्याच्या मानेचे पीस बांधावे. या काठीला दोरा गुंडाळायचे चाक नाही, जादा दोरा नाही. काठीएवढाच दोरा, त्यामुळे मासा लांब असेल तर आपणच पाण्यात उतरून त्याच्याजवळ जायचे. मासाजी हात लांबवतो, पाऊल पुढे टाकत नाही. हे त्याला सांगून मी थकले, म्हणून कायद्याच्या कागदावर लिहून ठेवते.

कलम चार. वरचे पाणी, म्हणजे सपाट दगडाच्या वरचा ओढा.

आमच्या खोऱ्यात जो पहाटे आधी वर जातो, तो उतारावरच्या सपाट दगडाखाली बुटक्या बांबूचे पान घडी करून ठेवतो. पान दिसले की दुसऱ्याने वर जायचे नाही. वरचे पाणी आज त्याचे. परतताना ज्याचे त्याने पान उचलायचे. तो आजारी पडला, तर त्याच्या घरच्याने. तिसऱ्या कोणी हात लावलेला मी ऐकलेला नाही. पान कुजून गेले तर पाणी आपोआप मोकळे होते.

हात्सु पहिली पावले टाकत होती त्या वसंतात यजमान वर गेले. ते डावखुरे होते, त्यांच्या पानाची घडी डावीकडून पडे. संध्याकाळी ते आले नाहीत. थोरले भावजी एइगोरो आणि गावातले पुरुष वर गेले, शोधून आले, पुन्हा गेले. काठी नाही, टोपली नाही, चप्पलही नाही. मग भावजी माझ्या दारात उभे राहून म्हणाले, "शिगे, आता माणसं वर पाठवणार नाही. बर्फाचं पाणी चढलंय, आणखी एक जाईल."

मी म्हटले, "तुमचा सख्खा भाऊ आहे तो!"

"म्हणून तर मी बोलतोय. दुसरं कोणी बोललं असतं तर तू त्याला मारलं असतंस."

"तुमच्या गळाला पुन्हा मासा लागायचा नाही," असे मी त्यांना सगळ्यांसमोर म्हटले. त्यानंतर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. आणि भावजींनी खरोखरच काठी टांगून ठेवली आणि कोळसे पाडायला लागले. खोऱ्यातला सगळ्यात चांगला हात होता त्यांचा. माझी जीभ काळी, असे बायका म्हणू लागल्या.

पुढच्या वसंतात बर्फ उतरल्यावर मी दगडापाशी गेले. पान कुजले असेल असे वाटले होते. दगडाखाली हिरवेगार पान होते. त्या वर्षी मी वेड्यासारखी आनंदात होते. दरवर्षी तसेच ताजे पान निघे, आणि कोणी वर जात नसे. पण घडी उजवीकडून होती. ती मला पहिल्या दिवशीच दिसली होती, बघायची नव्हती एवढेच. मग एका पहाटे मी झाडाआड उभी राहिले. भावजी आले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले, जुने पान खिशात घातले आणि नवे ठेवले. धाकट्या भावाचे पाणी त्यांनी असे राखले, आणि स्वतः कोळशाने काळे झाले. मी हाक मारायला हवी होती असे सगळे म्हणतील. हाक मारली असती तर पुढच्या वर्षी ते आले नसते, आणि मला ते पान हवे होते.

भावजी गेल्या हिवाळ्यात वारले. मी त्यांच्या आगटीत भाजलेला मासा काडीसकट ठेवून आले. जाऊबाई ताके यांनी आगटीत जागा करून दिली.

यंदा खालच्या ओढ्यात लाकडाचे ओंडके सोडल्यापासून मासा उरलेला नाही. गावातले चौघे साकेची बाटली घेऊन माझ्याकडे आले. "काकू, माणूस किती वर्षं वर राहतो? पान उचला. आम्ही पोट कसं भरायचं?" मी म्हटले, "वर्षं तुम्ही मोजा, मी मोजलेली नाहीत." पण मासाजीने बोचके बांधलेले मी पाहिले आहे. वरचे पाणी मिळाले नाही तर तो कोळशाच्या खाणीवर जाईल आणि हात्सुचे घर माझ्या घरासारखे होईल. ते मला नको आहे. पान उचलणे म्हणजे तोराकिची परत येत नाहीत असे माझ्या हाताने म्हणणे. तेही मला जमत नाही.

तरी बर्फ उतरल्यावर मी गेले. आता पान ठेवणारे कोणी नाही, दगड मोकळा असेल, माझ्यावर काही येणार नाही, असे मनाशी म्हणत गेले. पान होते. ताजे. मी घरी येऊन हात्सुला म्हटले, "तुझं मन मोठं आहे गं. पण मला फसवू नकोस."

ती म्हणाली, "कशाबद्दल म्हणतेस?"

"दगडाखालचं पान."

"आई, ते तू ठेवलंस ना? आम्हाला वाटलं, काका गेले म्हणून या वर्षी तू ठेवलंस."

जाऊबाईंना विचारले, त्या रडायलाच लागल्या. मी पुन्हा जाऊन घडी पाहिली. डावीकडून आहे. त्या दिवसापासून ऊन कलले की वरून काठी हवेत फिरल्याचा आवाज येतो. माझे कान गेले आहेत, ओतोयोची हाक मला ऐकू येत नाही, पण हा आवाज येतो. मला भीती वाटते, हे लिहिते. आणि जावेसे वाटते, हेही लिहिते.

सबब मी उद्या पहाटे काठी घेऊन वर जात आहे. मरायला नाही, मासे धरायला. त्यांच्या पानाशेजारी माझे पान ठेवीन. परतताना दोन्ही उचलीन, मला तो हक्क आहे. दगडाखाली दोन पाने राहिली तर कोणी वर येऊ नये. ती कुजेपर्यंत थांबावे. दगड मोकळा दिसला तर आम्ही परत आलो असे समजावे, दिसलो किंवा न दिसलो. मग पाणी सर्वांचे. मासाजीने बोचके सोडावे. हात्सुने आगटीपाशी भाताचे दोन वाडगे ठेवावेत, तिच्या बाबांचा भात जरा करपलेला, खरवडीचा.

कलम पाच. माझे चांगले किमोनो जाऊबाई ताके यांना. भावजींच्या समाधीवर माझ्या वतीने त्यांची काठी नेऊन ठेवावी, आणि मी माझा शब्द परत घेतला असे मोठ्याने सांगावे.

हे मी राजीखुषीने लिहिले आणि दोघा साक्षीदारांना वाचून दाखवले.

सही व शिक्का: शिगे कुदो, तोराकिची यांची पत्नी
साक्षीदार: सोएन, पुरोहित ('पत्नी' या शब्दाला माझी हरकत नाही.)
साक्षीदार: ताके कुदो, एइगोरो यांची विधवा
स्थळ: कामागासावा. शोवा सन ३१ (इ.स. १९५६), मे महिना, चेरीला उशिरा बहर आलेला.

(खाली, हात्सुच्या अक्षरात)

आई आज पहाटे वर गेली. संध्याकाळी मासाजी आणि मी दगडापाशी गेलो. दगडाखाली काही नाही. आई अजून घरी आलेली नाही. तिची काठी मात्र छपराखाली आडवी टांगलेली आहे, दोरा ओला. मासाजीने बोचके सोडले. मी भात थोडा करपवला आहे.