फोन ठेवू नका

धारवाड,
१७ सप्टेंबर १९९८

प्रिय भागीरथी,

आपली श्यामला आणि तिचं बाळ खुशाल असल्याचं वाचून बरं वाटलं. बाळाचं जावळ दाट आहे म्हणतेस, ते तुझ्या माहेरचं. इथली काळजी करू नकोस. मला भात जमतो, सार बिघडतं.

बातमी अशी, की खालच्या मजल्यावरचे बाळाचार्य सोमवारी सकाळी न्हाणीघरात पडले. हाक ऐकून मी धावलो. त्यांचा पाय हलेना, चेहरा पांढरा पडलेला, घरात दुसरं कुणी नाही. तुला ठाऊकच आहे, फोनची घंटा वाजली की मी आजवर अंगणात जायचो. सहासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा दवाखान्याचा नंबर स्वतः फिरवला. पलीकडची बाई ‘हलो, हलो’ म्हणत राहिली आणि माझा ‘बा’ काही ओठांतून सुटेना. तिनं फोन ठेवून दिला. सवयीनं मागं वळून बघितलं, तू नव्हतीस. पुन्हा नंबर फिरवला आणि या खेपेला, अडकत अडकत का होईना, तेच आधी कानडीत सांगून टाकलं, ‘नंद मातु तडवरस्तैतिरी, फोन इडब्याड्री.’ माझं बोलणं अडखळतं, फोन ठेवू नका. हे वाक्य मी जन्मात कुणापाशी उच्चारलं नव्हतं. ती म्हणाली, ‘हेळ्री अज्जा, केळाकत्तीनि.’ सांगा आजोबा, ऐकतेय. पत्ता सांगायला फार वेळ लागला, पण ती थांबली. गाडी आली. मांडीचं हाड मोडलं होतं, शस्त्रक्रिया नीट झाली. आचार्य आता दवाखान्यातल्या चहाला नावं ठेवताहेत.

तेव्हापासून सारखी तुझी आठवण येते. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातल्या त्या कापडवाल्यानं माझी नक्कल केली, तेव्हा पसंत केलेलं लुगडं तसंच टाकून तू दुकानाबाहेर पडलीस. डॉक्टरांना माझं दुखणं, व्याह्यांना माझं मत तूच सांगितलंस. मी ‘पा’ म्हणेपर्यंत तांब्या समोर असायचा. बेचाळीस वर्षं तू मला चारचौघांत खाली बघू दिलं नाहीस.

रविवारी सकाळी दहाला मी स्वतः तुला फोन करणार आहे. हे फोनवरच सांगितलं असतं, पण माझं वाक्य तू मायेनं पुरं केलं असतंस, म्हणून आधी लिहितो. राग मानू नकोस. एवढ्या वर्षांचे आभार मला पत्रात उरकायचे नाहीत, तोंडानं मानायचे आहेत. वेळ लागेल. शब्द अडला तरी पुढचा देऊ नकोस. नुसती ऐकत राहा.

तुझाच,
श्रीकांत