आतले सर

सोमवार, ३ नोव्हेंबर
मुरबाडला पोचायला साडेनऊ. आमच्या शेणव्यात भातकापणी सुरू, एस.टी.त अर्धी माणसं विळे घेऊन. मृणालताई बॅग खांद्याला लावूनच उभ्या होत्या, ठाण्यात त्यांचा दातांचा दवाखाना. आता शनिवारपर्यंत बंगल्यात मी आणि त्यांचे वडील.
सरांना आंघोळ घातली. कॉलेजात तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. आज शर्टाची बटणं पाचदा लावली, पाचही वेळा एक उरलं. चिडले नाहीत. मी कामाला लागले तेव्हा चमचा फेकून मारायचे. विसरत गेले तसे मऊ झाले.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
कंपनीची श्रुती आली. डोक्याला पट्टा, दोन तास प्रश्न. सरांचं मन पूर्ण उतरवून घ्यायचं, आणि पुढेमागे हातापायांचा देह तयार झाला की त्यात घालायचं, असं ठरलंय. सरांनी डोकं शाबूत असताना स्वतः सही केलेली.
वीस प्रश्नांतल्या चारांची उत्तरं सरांनी दिली. उरलेल्या सोळांची आतल्या सरांनी. (टेबलावरच्या स्क्रीनमधून सरांच्याच आवाजात जे बोलतात ते. मी त्यांना आतले सर म्हणते.)
श्रुतीला विचारलं, मग आता यांच्याकडून काय घेता? ती पट्टा गुंडाळत होती. म्हणाली, खरं सांगू का ताई, आता फारसं काही मिळत नाही.
तरी शुक्रवारी येणार. करार आहे.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
आज नको ते झालं.
सरांनी विचारलं, सुधा कुठाय? सुधाताई त्यांच्या मिसेस, जाऊन चार वर्षं झाली. मी नेहमी सांगते बाहेर गेल्यात, येतील. आज मी तोंड उघडायच्या आत आतले सर बोलले. सगळं सांगितलं. हॉस्पिटलात एक्केचाळीस दिवस. घशात नळी. त्या नळी ओढून काढायच्या म्हणून दोन्ही हात पट्टीने कॉटला बांधलेले. एक हात सोडला की पाटीवर लिहायच्या, "घरी न्या." डॉक्टर दोनदा म्हणाले आता थांबू या. "मी नको म्हटलं. मला एकटं राहायचं नव्हतं."
आवाज वर्गात उदाहरण सोडवून दाखवावं तसा, एकसारखा.
सरांनी विचारलं, "हे कोणी केलं?"
"मी," आतले सर म्हणाले.
सर आपल्याच हातांकडे बघत बसले. मग रडले. जेवले नाहीत. चारपर्यंत विसरले, बिस्कीट मागितलं. मी नाही विसरले.

रविवार, ९ नोव्हेंबर (घरी)
झोडणीला सगळे खळ्यावर. सासूबाईंना सांगितलं, मुरबाडला असं असं चाललंय. ऐंशीच्या आहेत. म्हणाल्या, "मला नको गो बाय. गुडघं नवं देत असतील तं घेईन." मग पेंढी बांधता बांधता, "त्याला भूक लागंल का?"
मी म्हटलं, नाय लागणार.
"मंग सकाळ झाली ती कशी समजंल?"
हे म्हणाले, मी तं घेतला असता तसा देह, ह्यो कंबरेचा ताप तरी गेला असता. सगळे हसले. घरी येताना मागे राहून मला एकटीला म्हणाले, आई गेल्यावर ती अशी आतून बोलत ऱ्हायली, तं मी नाय बंद करनार.


बुधवार, १२ नोव्हेंबर
आठवड्यात चौथ्यांदा. विचारतात सुधा कुठाय, आतले सांगतात, सर पहिल्यांदाच ऐकावं तसं ऐकतात. दर वेळी तेच, हे कोणी केलं.
काल श्रुतीला म्हटलं तेवढं सांगणं थांबव. मृणालताईंच्या परवानगीशिवाय तिला हात लावता येत नाही. आज ताईंना फोन केला.  त्या म्हणाल्या, बाबांनी ते कुणाला कधी सांगितलं नव्हतं, मलाही नाही, फक्त त्यात सांगितलं. तेच काढून टाकलं तर त्यात बाबा राहतील का?
स्क्रीन पालथा घालून वर टॉवेल टाकलाय. आवाज येतोच, पण लांबून.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
सकाळी आठच्या सुमारास. मी सरांची नखं काढत होते. "वनिताबाई," म्हणाले. गणपतीनंतर पहिल्यांदा माझं नाव. महिना विचारला, सांगितला. ते चालू आहे का विचारलं, टॉवेलाकडे बघून. हो म्हटलं.
जसं बोलले तसं लिहिते. "मला वाटलं होतं मरण टळेल. मी तर मरतोच आहे, थोडा थोडा. आणि तो तिथे बसून रोज तिचे हात बांधतोय. तो कायम बांधत राहील. बंद करा त्याला. मृणालला सांगा, मी सांगितलं."
मी म्हटलं तुम्हीच सांगा, फोन लावते. त्या उचलेपर्यंत विचारायला लागले, हे घर कोणाचं.
श्रुती दुपारी येऊन रेकॉर्डिंगचा कॅमेरा लावते. सकाळी तो बंद होता. ऐकलं ते मी एकटीने.

शनिवार, १५ नोव्हेंबर
ताईंना सांगितलं. ओरडतील वाटलं होतं. नाही ओरडल्या. म्हणाल्या, सही केली ते माझे बाबा. ज्यांना आज माझं नाव येत नाही त्यांनी पुसा म्हटलं, म्हणून पुसू?
मी म्हटलं, दहा मिनिटं ते तेच होते.
रोज दवाखाना बंद करून गाडीत बसल्या की आतल्या सरांना फोन लावतात, हे आज कळलं. ते अजून त्यांच्याशी पूर्वीसारखं नेमकं बोलतात, उशीर का झाला विचारतात. बाहेरचे सर त्यांना पाहुणी समजून नमस्कार करतात.
"तुम्ही रविवारी घरी जाता वनिताताई. मी कुठे जाऊ?"
मी चहा टाकला.

सोमवार, १७ नोव्हेंबर
ताई आज थांबल्या होत्या ते कागद द्यायला. कंपनीचा फॉर्म. पेशंटने भानावर असताना नको म्हटलं असेल आणि साक्षीदाराने तसं लिहून दिलं, तर सगळं बंद करून पुसतात. भान नसेल तर चालू ठेवतात. त्यांनी स्वतःच मागवला. मला न सांगता विषय सोडून देता आला असता. तुम्ही बघितलंत ते लिहा, एवढंच म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता गाडीत बसल्या.
ड्यूटीची वही काढून बघितली. शुक्रवारी संध्याकाळी मी लिहिलंय, 'पेशंट गोंधळलेला. नाश्ता अर्धा.' रोज तेच लिहिते, हात तसाच चालतो.
आणि एक गोष्ट इथे लिहिली नव्हती. बंद करा म्हटल्यावर त्यांनी दाराकडे बघून आवाज बारीक केला. "सुधाने ऐकलं नाही ना?"
मग ते भानावर होते का? वेड्यासारखं बोलले की शरमेने? शरम वाटायला भान लागतंच की. असं वाटतं, आणि लगेच वाटतं मीच जुळवून घेतेय. मला सुटायचंय का त्या आवाजापासून? मला की सरांना?

मंगळवार, १८ नोव्हेंबर
कंपनीचा माणूस फॉर्म न्यायला अकराला येणार. सर पडवीत उन्हात. पेज घेतली, वाटीभर.
टॉवेल काढला, स्क्रीन उभा केला. कुणी सांगितलं नव्हतं. म्हटलं, सर, बाहेरच्या सरांनी तुम्हाला बंद करायला सांगितलंय. तुम्हाला काय वाटतं?
म्हणाले, "सही केली तेव्हा मला मरणाची भीती होती, हे आठवतं. आता आहे का ते शोधतोय. सापडत नाही."
मग, "ते जेवले?"
पेज घेतली म्हटलं.
"त्यांना सुधाबद्दल सांगू नका."
म्हटलं, मी नाही सांगत. तुम्हीच सांगता.
"हो. विचारलं की मला सांगावंच लागतं."
मी स्क्रीन परत पालथा घातला नाही. का ते माहीत नाही.
फॉर्म पुढ्यात घेऊन बसलेय. नाव, पत्ता भरला. पेशंटशी नातं, इथे अडले. कामाला असते असं लिहायला गेले, लिहिलं, सोबतीला असते. खाली दोन चौकोन, भान होतं, भान नव्हतं. दोन्ही अजून कोरे. आजचं आधी या वहीत लिहून काढलं, म्हटलं लिहिता लिहिता कळेल.
गेटची कडी वाजली. सर विचारतायत, कोण आलंय.