वाटणीत न येणारं बाळ

मी, सौ. अंकिता शिवतेज थोरात, वय वर्षे बत्तीस, धंदा शिवणकाम, राहणार कृष्णाकाठची मळ्यातली वस्ती, तालुका वाळवा, जिल्हा सांगली, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, प्रकृती ठणठणीत आहे, आणि हे लिहायला मला कुणी शिकवलेलं किंवा धमकावलेलं नाही. मला धमकावणारा माणूस या वस्तीवर अजून यायचा आहे.

लिहिण्याचं कारण असं. माझे थोरले बंधू धैर्यशीलदादा शिरवळला कंपनीत आहेत. त्यांची पत्नी प्रियदर्शनीवहिनी हिची गर्भपिशवी आजारात काढावी लागली. दोघांचा गर्भ माझ्या पोटात वाढवायचा, असं घरात चाललं आहे. बाळ सर्वस्वी त्यांचं, पोट तेवढं माझं. पण बाळंतपण म्हटलं की जिवाचा भरवसा नाही, आणि मला स्वतःचं एक लेकरू आहे. परवा सांगलीला जाऊन डॉक्टरीणबाईंना शेवटचं होय किंवा नाही सांगायचं आहे. गर्भ ठेवण्याआधी मला माघार घेता येते, हे त्यांनी नीट बजावलं आहे. माझं अजून ठरलेलं नाही. म्हणून आधी आपलं काय काय आहे ते मांडून बघते.

कलम १. माझं पायाचं शिलाई मशीन मुलगी ईश्वरी हिला. तिचे पाय अजून पायट्याला पोचत नाहीत. पोचेपर्यंत त्यावर कुणी कुंड्या ठेवू नयेत. या मशीनवर दुपारची मला डुलकी लागते आणि पाय आपले चालूच राहतात. समोर तोड न आलेल्या उसाला तुरे आले आहेत, वाऱ्यावर सगळं रान पांढरं हलतं. त्या झोपेत मी काहीतरी लहानसं शिवत असते. टोपडं आहे की झबलं ते दिसत नाही, कुणाच्या मापाचं तेही कळत नाही. जाग येते तेव्हा समोर गावातल्या कुणाचं तरी पोलकं असतं.

कलम २. माहेरच्या पाटल्या ईश्वरीला. बँकेतली शिल्लकही तिच्याच शिक्षणाला लावावी. मंगळसूत्र पती शिवतेज यांना परत. त्यांनी दुसरं लग्न केल्यास माझी हरकत नाही, मात्र नवीला नवंच करावं, माझं घालू नये. ते फौजेत असल्यानं हे फोनवर वाचून दाखवलं. म्हणाले, "मी हितं सरहद्दीवर, अन् मृत्युपत्र तू करतीस व्हय गं?" मग म्हणाले, "पोट तुजं हाय. आर्डर बी तुजीच. मी मागं हुबा हाय." या माणसाबद्दल माझी काही तक्रार नाही.

कलम ३. माझी हिरवी इरकल साडी सासूबाई सुलाबाई यांना. लग्नापासून त्या तिच्याकडे बघत आल्या आहेत आणि तसं कधी बोलल्या नाहीत. याच बाईंनी चारचौघींत विचारलं, "आता पोट बी भाड्यानं द्याचं का?" मी म्हटलं, "आवं आत्या, भाडं कुटलं? कायद्यात फुकटच करावं लागतंय." त्यावर म्हणाल्या, "मंग तर लयच येडी हाईस." भाडं हा शब्द मी विसरलेली नाही आणि विसरणारही नाही. पण ईश्वरीच्या वेळी माझ्या सुजलेल्या पायांना रोज तेल चोळलं ते याच हातांनी. सबब साडी द्यावी, आणि काठ जपून धुवायला सांगावं.

कलम ४. माहेरी, माण तालुक्यात, माळरानाचा माझा वाटा आई मनुबाई हिला. तिथं शेळ्या चरतात, तेवढंच त्याचं पीक.

आईबद्दल एक गोष्ट लिहून ठेवते. दिवाळीत आम्ही सगळे माहेरी होतो. आईला आनंद आवरेना. तिनं वहिनीला पाटावर बसवलं, नारळ-तांदळानं ओटी भरली आणि म्हणाली, "आमची अंकी आपलं पोर तुज्या ओटीत घालती बग." आमच्याकडे मूल ओटीत घालणं म्हणजे आपलं मूल दुसऱ्याला देऊन टाकणं. वहिनी ताडकन उठली. पदरातले तांदूळ घरभर झाले. म्हणाली, "आत्या, मला वन्संचं पोर नको. मला माझं पाहिजे. कुणाचं ओटीत घ्यायचं असतं तर कवाच घेतलं असतं." त्याच दिवशी ती शिरवळला परतली. हे सगळं नकोच, असं दादांकडून कळवलं आणि संक्रांतीपर्यंत माझ्याशी बोलली नाही. आईच्या मनात काही वाईट नव्हतं, शब्द तेवढा चुकला.

पण तो शब्द मलाही चिकटला. देऊनच टाकायचं असेल तर माझा हात सुटेल का? तेव्हापासून हीच भीती उरात आहे.

कलम ५. पितळी घागर आईलाच परत. ती सध्या माझ्या स्वप्नात येते. लहानपणी टँकर आला की शेजारच्या म्हातारीचं पाणी मी याच घागरीतून भरून न्यायची. स्वप्नात तीच घागर माझ्या कमरेवर असते, वाट संपत नाही, ऊन असून लागत नाही, आणि घागरीत काहीतरी हळूच हलत असतं. मी ते डचमळू देत नाही. म्हातारी दारात उभी दिसते. "आणलंस व्हय?" एवढंच म्हणते. "दिलंस" असं ती कधी म्हणाली नाही, कारण पाणी तिचंच होतं.

संक्रांतीनंतर वहिनी अचानक एसटीनं इथं आली. आम्ही उसाच्या पाटाकडेला पाण्यात पाय सोडून बसलो. म्हणाली, "वन्सं, दिवाळीत नको म्हणाले ते रागात. पण तुमच्या मनात नसंल तर हितंच थांबू. मला वाईट वाटंल, पण राग न्हाई येणार. अन् केलंच, तर वेळ आल्यावर आधी तुमाला वाचवायचं, असं मी डॉक्टरीणबाईंना सांगून आले. तुमी गेलात तर त्या बाळाला मी कुठल्या तोंडानं जवळ घेऊ?" पाणी गार होतं, आम्ही तशाच बसून राहिलो.

कलम ६. वहिनीचं बाळ.

हा कागद करण्याआधी विचारायला गेले तेव्हा वकील म्हणाले होते की मृत्युपत्रात आपल्या मालकीचं असेल तेवढंच लिहायचं, परक्याचं देता येत नाही. मी मनाशी ठरवलं होतं की सगळं लिहीत या कलमापाशी यायचं आणि हातून काय उमटतं ते बघायचं. "माझं बाळ" असं उमटलं तर परवा नाही म्हणायचं. काय उमटलं ते कलमाच्या पहिल्या ओळीत आहे. मी ते लिहून झाल्यावर वाचलं, आणि मशीनवर डोकं टेकून पोटभर रडले.

सबब परवा मी होय म्हणणार आहे. हे बाळ माझ्या वाटणीत येत नाही. मी ते कुणाच्या ओटीत घालणार नाही, ज्याचं त्याला पोचतं करणार आहे. माझी माया त्याला लागेल, ती मी थांबवणार नाही. आत्याची लागतेच. त्यात मी गेले, तर "तुज्यापायी आत्या गेली" असं बाळाला कुणी ऐकवू नये. जो ऐकवेल त्याला माझ्या तेराव्याचं जेवण वाढू नये.

कलम ७. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्यानं, किंवा त्याच्या नवऱ्या-बायकोनं, साक्षीदार व्हायचं नसतं, असंही वकिलांनी सांगितलं. धैर्यशीलदादा व प्रियदर्शनीवहिनी यांना या कागदानं मी काहीही दिलेलं नाही. म्हणून पहिली साक्ष वहिनीची घेत आहे. ती शिरवळहून निघाली आहे. माझं होय तिला अजून माहीत नाही. सही करण्याआधी तिनं हा कागद सावकाश वाचावा.

स्थळ : मळ्यातली वस्ती, ता. वाळवा, जि. सांगली
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२६

लिहून ठेवणार : सौ. अंकिता शिवतेज थोरात

साक्षीदार :
१. जोतीराम बाबू खोत, शेजारी (वहिनीला सहीसोबत लिहायला खालची जागा मोकळी हवी होती, म्हणून वर मी सही केली)
२. सौ. प्रियदर्शनी धैर्यशील जगदाळे, राहणार शिरवळ, जि. सातारा. वाचलं. मला काहीही दिलेलं नाही, हे खरं आहे.