बोटभर अलीकडे

३ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

कराटेच्या क्लासला सहा महिने होत आले, पट्टा अजून पांढराच. आमच्या शोतोकान पद्धतीत लांब पाय टाकून गुडघ्यात खाली वाकायचं, ठोसा पूर्ण ताकदीनं सोडायचा आणि समोरच्याच्या बोटभर अलीकडे थांबवायचा. मला ते छान जमतं म्हणून सर खूश असतात.

काल लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करताना मुकादमानं पुन्हा माझ्या पाठीवर हात ठेवला. मी गर्रकन वळून ठोसा सोडला आणि तो त्याच्या नाकाच्या बोटभर अलीकडे आपोआप थांबला. मुकादम हसत सगळ्यांना सांगत सुटला की ही कराटेवाली हवेलाच मारते. अंगाचा नुसता तिळपापड झालाय. हात माझा, आणि ऐनवेळी त्यानं माझंच ऐकू नये?

आईला यातलं काही सांगू नकोस. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
ठमी

९ जून

चि. ठमीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. तेव्हाच सांगत होतो, आमच्या क्योकुशिन कराटेला ये. आम्ही खरंच मारतो आणि मारही खातो, माझ्या बरगड्यांना विचार. तुमची ती नुसती कवायत. नोकरी सोड आणि इकडे निघून ये.

आणि राग मानू नकोस, पण एवढ्या बायकांत तो तुझ्याच वाटेला का जातो? तूच कधीतरी हसून बोलली असशील.

जपून राहा. लोभ आहेच, तो वाढव.

तुझा,
दादा

२० जून

दादास नमस्कार.

आज मायना नीट लिहायची इच्छा नाही.

तुमच्याकडे तोंडावर ठोसा मारायला बंदी आहे, हे तूच मागे सांगितलं होतंस. मग आमचीच तेवढी कवायत कशी?

सोमवारी मुकादमानं सगळ्यांदेखत परत हात लावला. ठोसा पुन्हा बोटभर अलीकडे थांबला, पण या वेळी तो मी थांबवला. मागे न घेता तिथेच धरून ठेवला आणि म्हटलं, "पुढचा थांबणार नाही." त्याचं हसू विरलं. मग घड्या घालणाऱ्या तिघी माझ्याबरोबर मॅनेजरकडे आल्या. त्यांच्याही पाठीला तो हात ओळखीचा होता. आम्ही चौघी हसून बोललो होतो का रे?

त्याला कामावरून काढलंय. मी नोकरी सोडणार नाही, क्लासही नाही.

त्याच्यापेक्षा जास्त राग मला तुझ्या त्या एका वाक्याचा आलाय. पुढच्या महिन्यात येशील तेव्हा समोर बसून ते परत म्हणून दाखव. हात थांबवणं आता माझ्या हातात आहे. तुझ्यासाठी थांबवीन की नाही, ते अजून ठरलेलं नाही.

लोभ आहे, म्हणून आधी कळवते.

ठमी