नईमभाईंचा फोन

छावणी, छत्रपती संभाजीनगर

सौ. मंजुषास,

मायच्या गुडघ्याची सूज आणि तुझा राग, दोन्ही उतरले असतील.

नोकरी मिळाली. "जुनी का सोडली?" सगळ्यांचा हाच सवाल. मी म्हणायचो, "सोडली नाय, काढलं. मित्राची खोटी हजेरी लावायचो." दोन ठिकाणी नुसता चहाच मिळाला.

मग इथले गोदामवाले नईमभाई. त्यांनाही मी सगळं सांगितलं. त्यांनी माझ्यासमोरच जुन्या साहेबाला फोन लावला. साहेबानं मला मनसोक्त धुतलं. फोन ठेवून नईमभाई हसले, "अरे मियाँ, तुम तो इससे ज्यादा बोले थे! सोमवार से आव."

पगार कमी आहे, झोप मात्र लई छान लागते.

मायला तू माझी बदली झाल्याचं सांगितलंयस. आता खरं सांगून टाक. दिवाळीला तिच्या शिव्या खायला येतो.

तुझाच,
सोमनाथ